‘लूप’ ते संप्रेरक-साधन : अतिरक्तस्रावावरील उपचार आणि महाराष्ट्रातील स्त्री

प्रस्तुत निबंधाचा विषय वैद्यकशास्त्रातील असला, तरी त्यातील प्रश्न सामाजिक इतिहासाचा आहे. गर्भाशयात बसवावयाच्या साधनाचा आपल्या स्त्रियांना व्यापक अनुभव आला तो १९६५ मध्ये, कुटुंबनियोजन कार्यक्रमात ‘लूप’ दाखल झाल्यावर. रक्तस्रावाच्या तक्रारींमुळे तो लवकरच अप्रिय झाला. पुढे आलेल्या तांब्याच्या साधनास लोकांनी ‘तांबी’ म्हटले. आमच्या वऱ्हाडातही हाच शब्द रूढ आहे. तांबीनेही अनेकींची पाळी अधिक जाते.

फिनलंडमध्ये १९९० साली मान्यता मिळालेल्या साधनाने हा क्रम उलटविला. त्यात तांबे नसून लिव्होनॉरजेस्ट्रेल हे संप्रेरक असते. आरंभी दररोज सुमारे २० मायक्रोग्रॅम संप्रेरक स्रवते, गर्भाशयाचे अस्तर पातळ होते व रक्तस्राव घटतो. गर्भाशय काढण्याच्या प्रतीक्षायादीतील फिनिश स्त्रियांवरील अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतर हे साधन बसविलेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के स्त्रियांनी शस्त्रक्रियेचा निर्णय रद्द केला. पूर्वीचेच उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण १४ टक्के होते.

या पार्श्वभूमीवर बीड जिल्ह्याकडे पाहावे लागते. २०१९ मध्ये शासकीय पाहणीत ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढल्याचे आढळले. पाळीच्या दिवसांत काम चुकले की ‘खाडा’ पडतो, मुकादम दंड कापतो, डोक्यावर उचल असते. अशा वेळी ‘पिशवी काढून टाकणे’ हाच कायमचा उपाय वाटतो.

अर्थात, या सर्वच शस्त्रक्रिया अतिरक्तस्रावासाठी झाल्या नव्हत्या. अंगावरून पांढरे जाणे, पोटदुखी, कर्करोगाची भीती हीही कारणे होती, व त्यांवर हे साधन उपाय नव्हे. शिवाय ते बसविल्यावर पहिले तीन ते सहा महिने अनियमित डाग दिसतात. ऊसतोडीचा हंगामही जवळपास तेवढाच! फडावर असलेल्या स्त्रीने त्या काळात तपासणीस कोठे जावे? औषधाची परिणामकारकता मोजणाऱ्या अभ्यासांत हा प्रश्न सहसा येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये या साधनाचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. मात्र आपल्याकडे त्याचीही ओळख ‘तांबी’ म्हणूनच करून दिली जाते. जिच्या सासूने लूपचा त्रास सोसला आणि जिने स्वतः तांबी काढून टाकली, तिला रक्तस्राव थांबविण्यासाठी पुन्हा तांबीच सुचविली, तर तिचा नकार अज्ञानातून नव्हे, अनुभवातून आलेला असतो.