वाळ्याचा पडदा आणि पडद्यापलीकडचा माणूस

ऐन दिवाळीत उन्हाळ्याची आठवण काढणे म्हणजे अनारशाशेजारी कारल्याची भाजी वाढण्यासारखेच! पण वाचकहो, ज्याने नागपूरचा वैशाख काढला आहे, त्यालाच गारव्याची खरी किंमत ठाऊक. कोकणातला माणूस घामाने बेजार होतो. आमच्याकडे घाम दिसण्याआधीच सुकतो. ओठ फुटतात, डोळे चुरचुरतात. परीक्षेच्या दिवसांत एखाद्या पोराच्या नाकाचा घोळणा फुटतो आणि मला प्रश्नपत्रिका बाजूला ठेवून ओला रुमाल शोधावा लागतो. हवा नुसती तापलेली नसते, ती तहानलेली असते.

या तहानलेल्या हवेला पाणी पाजण्याची युक्ती फार जुनी. पाण्याची वाफ होते तेव्हा ते भोवतालची उष्णता ओढून घेते; एक लिटर पाणी सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता गिळते. माठातले पाणी गार होते ते याच न्यायाने. अबुल फझलने 'आइन-इ-अकबरी'त वाळ्याच्या घरांचे, म्हणजे खसखान्यांचे वर्णन केले आहे. त्यांवर पाणी शिंपडले की भर उन्हाळ्यात हिवाळा अवतरे, असे त्याचे म्हणणे. पुढे साहेब लोकांच्या बंगल्यांतही दारांना वाळ्याच्या ताट्या लागल्या. एकोणिसाव्या शतकात त्यांनी 'थर्मँटिडोट' नावाचे एक अवजड धूड काढले. लाकडी पेटीत पंख्याची पाती, बाजूंना ओल्या ताट्या, आणि बाहेर दांडा फिरवणारा माणूस. आत साहेब सुगंधी गारव्यात. बाहेर पाणी मारणारा आणि दांडा फिरवणारा उन्हात. पडदा एकच, पण त्याच्या दोन बाजूंना दोन ऋतू!

मात्र हवा ओली करण्याची गरज माणसाआधी सुताने ओळखली होती, असे म्हटले तर नवल वाटेल. कापसाचा धागा कोरड्या हवेत ठिसूळ होतो व पटापट तुटतो. म्हणून ढाक्याच्या मलमलीचे तलम सूत सकाळी लवकर आणि दुपार कलल्यावर काततात, हवा फारच कोरडी असेल तर पाण्याच्या उथळ भांड्यावर धरून काततात, असे एकोणिसाव्या शतकातल्या वर्णनांत आढळते. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून विणणाऱ्या आपल्या कोष्ट्यालाही मातीच्या ओलाव्याचा हा गुण माहीत होता.

मग गिरण्या आल्या. १ जानेवारी १८७७ रोजी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केले गेले. त्याच दिवशी जमशेटजी टाटांनी नागपुरात आपली गिरणी सुरू केली. म्हणून ती 'एम्प्रेस मिल'. कापूस दाराशी होता, पण हवा वैरीण! या गिरणीत हवा दमट राखणारी यंत्रे, म्हणजे ह्युमिडिफायर, बसवली गेली. देशात ती प्रथम इथेच आली, असे सांगतात. तिकडे लँकेशायरमध्ये विणकामाच्या खोल्यांत वाफ सोडत, आणि मजूर ओल्या कपड्यांनी बाहेरच्या थंडीत पडत. अखेर १८८९ साली इंग्लंडच्या पार्लमेंटला कायदा करून या ओलाव्याला मर्यादा घालावी लागली. सुताला मानवणारी हवा माणसाला मानवतेच असे नाही, हे कायद्याने मान्य केले. 'एअर कंडिशनिंग' हा शब्दसुद्धा १९०६ साली स्टुअर्ट क्रेमर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने कापडगिरण्यांच्या हवेसाठीच वापरात आणला!

गिरणीच्या धाग्याला मिळालेले हे सुख सामान्य संसारात पोहोचायला वीज यावी लागली. आता मार्च उजाडला की आमच्या आळीत खिडक्याखिडक्यांत कूलर चढतात. गवताच्या ताट्यांवर पंप पाणी सोडतो, पंखा ती ओली हवा आत ढकलतो. दांडा फिरवणारा माणूस सुटला, ही मोठीच गोष्ट झाली. मुंबईत मात्र ही युक्ती चालायची नाही. तिथली हवा आधीच पाणी पिऊन तुडुंब असते. उलट वातानुकूलित खोलीतली हवा कोरडी पडते, आणि अमेरिकेतल्या हिवाळ्यात घर तापवले की तिथेही तीच तऱ्हा. म्हणून आपले परदेशी लेकी-जावई उशाशी ह्युमिडिफायर ठेवतात. साधारण ४० ते ५० टक्के आर्द्रता पुरे. त्याहून फार वाढली की भिंतींना बुरशी धरते. आणि साचलेले पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून टाकी घासावी, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच वाढतात. गृहिणींना हे सांगायला नको. विसरतो तो घरधनी!

पण पडद्याला दोन बाजू आजही आहेत. आपला कूलर ज्या पाण्यावर चालतो, त्याच पाण्यासाठी वैशाखात कुणाच्या तरी घागरी रांगेत असतात. त्या बाजूच्या माणसाला कूलर देणे तुम्हा-आम्हाला जमणार नाही. दारात वाळा घातलेला एक माठ आणि त्यावर एक पेला ठेवणे मात्र सहज जमेल.