पिवळा धोत्रा आणि पावतीचा कागद

आज लढायांचा विषय बाजूला ठेवू या. आज तेलाच्या डब्याचा इतिहास.

1877 साली कलकत्त्यात एक विचित्र साथ आली. माणसांचे पाय सुजत, धाप लागे, काहींचं हृदय थांबे. पुढे कित्येक वर्षं तिची बेरीबेरीशी गल्लत होत राहिली. 1926 मध्ये संशय पिवळ्या धोत्र्यावर आला. आपल्या माळरानावर उगवणारं हे काटेरी तण. त्याचं काळपट बी मोहरीत मिसळलं तर सहज ओळखू येत नाही आणि घाण्यातून विष तेलात उतरतं.

1954 मध्ये अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा झाला. त्याच्या कलम 12 नं साध्या गिऱ्हाइकालाही हक्क दिला. दुकानदाराला आधी सांगून माल घ्यायचा, फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घ्यायचा. भेसळ निघाली तर फी परत.

तरीही 1998 च्या पावसाळ्यात दिल्लीत मोहरीच्या तेलात पुन्हा तोच धोत्रा निघाला. साठहून अधिक माणसं गेली, हजारो आजारी पडली. शत्रू ठाऊक होता, हत्यारही हातात होतं. मग कमी काय पडलं? पहारा. आमच्या फौजेत लंगरचं जेवण वाढण्याआधी अधिकारी चाखून बघतो. बाजारात ते काम सरकारी निरीक्षक एकटा करू शकत नाही. आणि सुटं, बिनपावतीचं तेल कुठून आलं, हे शोधायचं तरी कसं?

हा पहारा गिऱ्हाइकानंच करायचा, हे ओळखून बिंदुमाधव जोशी यांनी 1974 मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. 24 डिसेंबर 1986 ला ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. वकील न लावता तक्रार करता येऊ लागली. भेसळीच्या मालाबरोबर सदोष सेवाही त्यात आली: बँक, वीज, टेलिफोन, रेल्वे.

बदलीच्या गावी राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांसाठी मोठा फरक 2019 च्या कायद्यानं केला. पूर्वी व्यवहार जिथला किंवा विक्रेता जिथला, तिथंच तक्रार करावी लागे. आता तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यातही करता येते. पुण्यात घेतलेल्या वस्तूची तक्रार जबलपुरातून होऊ शकते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मुदत मात्र दोन वर्षांची. आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. माल तपासून घेण्याचा तो जुना हक्कही 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यात, कलम 40 मध्ये, शाबूत आहे.

पण या सगळ्याला पुरावा लागतो. दहा रुपयांसाठी कशाला वाद, म्हणून आपण पावती मागत नाही, आणि तिथंच पहारा उठतो. तेव्हा पावती मागा, पाकिटावरची तारीख आणि परवाना क्रमांक वाचा, शंका आली तर लेखी तक्रार करा. तुमच्या तक्रारीनं कदाचित अशा कुणाचं घर वाचेल, ज्याला तुम्ही कधी भेटणारही नाही.

जय हिंद.