बर्म्युडाच्या गावात बुटीक

आजचा भाग घरातूनच सुरू करतो. दिवेआगरच्या माझ्या आतेबहिणीला एफडी मोडून भारीतल्या कपड्यांचं बुटीक काढायचंय. आत्या म्हणते, "इथे माणूस बर्म्युड्यात फिरतो, तुझा आठ हजारांचा कुर्ता घेणार कोण?"

मी पडलो कोडवाला, पण उत्तर इतिहासात सापडलं. आपल्याच किनाऱ्यावर, खाली गोव्यात. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स मुंबईत नाव कमावून १९९३ मध्ये कोलवाळ या मूळ गावी राहायला गेले. पणजीत दुकान थाटलं. पण लोकांना नटवायला ते गेलेच नाहीत. सुती, लिननचे सैल कपडे. दमट हवा आणि घाम धरूनच बेतलेले. पुढे शेतात राबणाऱ्या बायकांची चौकड्यांची कुणबी साडी त्यांनी पुन्हा विणून घेतली, थेट रॅम्पवर नेली. २०१४ मध्ये पद्मश्री मिळाली.

म्हणजे गावाचा साधेपणा त्यांना आडवा आला नाही. त्यांनी तोच विकला!

फरक एकच. गोव्यात पर्यटक काही दिवस राहतो, आपल्याकडे शनिवारी येऊन रविवारी पळतो. म्हणून ताईला म्हटलं, एफडी राहू दे. आधी ओसरीवर दहाच कुर्ते टांग, आणि आजीचं लुगडं ट्रंकेतून बाहेर काढ.