चंद्राचे हिणकस सोने

सोनाराच्या दुकानातला केर कधी फुकट जात नाही. झवेरी बाजारातल्या गल्ल्यांतून झारेकरी तो विकत घेतो, जाळतो, धुतो आणि त्यातून सोन्याचे कण निराळे काढतो. चंद्रावरच्या धुळीशी शास्त्रज्ञांनी जे केले, ते याहून फारसे वेगळे नव्हते.

१९६९ सालच्या २६ ऑक्टोबरला आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स मुंबईस आले. कोजागरी नुकतीच झाली होती. ज्याला दुधाचा नैवेद्य दाखवला, त्या चांदोमामाच्या घरी जाऊन आलेली माणसे पाहायला लाखोंनी लोक लोटले. त्यांनी आणलेली दगडमाती साडेएकवीस किलो. तीत सोने किती? टनभर मातीत जेमतेम काही मिलिग्रॅम!

एवढेसे सोने तराजूला काय कळणार? शिकागो विद्यापीठातल्या एडवर्ड अँडर्स यांच्या मंडळींनी मातीवर न्यूट्रॉनांचा मारा करून ते मोजले. त्या मंडळींत आपल्याकडचे आर. गणपती होते. गणपतीला हसला म्हणून चंद्राला शाप मिळाला, हे लालबागच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्याच चंद्राची झडती घ्यायला गणपतीच बसावेत, हा योग मोठा गमतीचा! निघाले ते मात्र गंभीर होते. सोने आणि इरिडियम चंद्राच्या खडकांत होते त्याच्या कितीतरी पट मातीत आढळले. म्हणजे हे धन बहुतांशी चंद्राचे नव्हेच. युगानुयुगे कोसळणाऱ्या उल्कांनी ते आणून टाकले. मातीचा सुमारे दीड-दोन टक्के भाग उल्कांचा, असा हिशेब निघाला.

आमच्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही चंद्राची माती आली. देवेंद्र लाल आणि त्यांचे सहकारी तीत सोने शोधत नव्हते. अंतराळातून येणारी लोहासारखी जड अणुकेंद्रे स्फटिकांत घुसली की ओरखडे उमटतात. रसायनाने ते ठळक करायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजत बसायचे. ओरखडे जितके दाट, तितका अधिक काळ तो कण उघड्यावर पडून होता. १९७२ साली लाल अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे संचालक झाले आणि हे कामही तिकडे गेले. मुंबईकराला याची थोडी हळहळ वाटणारच.

रशियाच्या लूना यानांनी १९७०, १९७२ आणि १९७६ साली मिळून सव्वातीनशे ग्रॅम माती आणली. तीत पुढे सोने, तांबे आणि चांदी यांचे मिश्रण असलेले कण सापडले. चंद्राचे सोनेही हिणकस! ही भर घालायला तिथे कोणता सोनार बसला होता? कसोटीवर घासून पाहावे, तर तो कण डोळ्यांना दिसतही नाही.