कल्याणच्या फलाटावर तपासणी

शीळफाट्यावर चार वाटा मिळतात. एक मुंब्र्यावरून ठाण्याला जाते, दुसरी कल्याणला, तिसरी महाप्याकडे आणि चौथी तळोज्यावरून पनवेलला. २०२० च्या टाळेबंदीत डोक्यावर बोचकी घेऊन गावाकडे पायी निघालेले श्रमिक ठाणे जिल्ह्याच्या रस्त्यांनी पाहिले. सव्वाशे वर्षांपूर्वीही मुंबई अशीच ओस पडली होती. तेव्हा मात्र बहुतेकांनी आगगाडी धरली, आणि ती गाडी शीळफाट्यापासून काही कोसांवरच्या कल्याण स्थानकात अडविली जाऊ लागली.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी बंदरालगतच्या दाट वस्तीत डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांना कडक तापाचे, अंगावर गाठी आलेले रुग्ण आढळले. बार्देशातील हडफडे येथील हे कॅथलिक डॉक्टर मुंबई महापालिकेचे सभासदही होते. २३ सप्टेंबर रोजी त्यांनी हा प्लेग असल्याचे जाहीर केले, तेव्हा ते निदान पुष्कळांच्या पचनी पडले नाही. प्लेगचे नाव निघाले की बंदराचा व्यापार बसणार, हे सर्वांनाच कळत होते! पुढील फेब्रुवारीपर्यंत मात्र शहराची जवळजवळ निम्मी वस्ती निघून गेली.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला. उतारूंना गाडीतून खाली उतरवावे, काखेत व जांघेत गाठ आहे की काय ते चाचपावे, संशय आल्यास अडकवून ठेवावे, असा क्रम सुरू झाला. ज्या समाजात कुलीन स्त्री परपुरुषासमोर पदर ढळू देत नसे, त्या समाजात चारचौघांदेखत अशी झडती म्हणजे मरणाहून मेल्यासारखे होते. नवऱ्याला छावणीत ठेवले आणि बायकामुले फलाटावर राहिली, तर त्यांनी कोणाकडे पाहावे? म्हणून लोक आजार लपवू लागले.

आणि एवढे करून तपासणी भलतीकडेच चालली होती. १८९८ साली कराचीत पॉल लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरांनी प्लेग उंदरांवरच्या पिसवांमार्फत पसरतो हे दाखवून दिले. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा भाग. गाठ चाचपून माणूस अडविता येई. पोत्यातील उंदीर आणि कपड्यातील पिसू कोण अडविणार? खेडोपाडीच्या अडाणी समजल्या जाणाऱ्या माणसांना मात्र एक गोष्ट अनुभवाने कळली होती. घरात उंदीर मरून पडू लागले की घर सोडायचे आणि माळावर झोपडी घालून राहायचे. सरकारी शहाणपणापेक्षा हे शहाणपण कितीतरी सरस होते.

वांद्रे व साष्टीच्या गावठाणांतील आपल्या पूर्वजांनी त्या वर्षांत क्रूस उभारले. त्यांतील अनेक क्रूसांवर तेव्हाचे सन आजही वाचता येतात. दिवेलागणीला शेजारी तेथे जमत आणि साथीपासून राखणदारीची याचना करीत. त्या क्रूसांकडे केवळ भोळेपणाची खूण म्हणून पाहणे अन्यायाचे ठरेल, कारण भेदरलेल्या आळीला एकत्र धरून ठेवणारी दुसरी जागा त्या काळी क्वचितच होती.

जबरदस्तीची परिणती सर्वांना ठाऊक आहे. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी मुंबईत गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोड रुग्णालयावर चालून गेला. पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घरे धुंडाळली आणि २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्याच पुण्यात १० मार्च रोजी सावित्रीबाई फुले प्लेगने वारल्या. रोग्यांची सेवा करतानाच त्यांना लागण झाली होती. मुंबईत वांद्र्याच्या क्रूसकन्या भगिनी प्लेगच्या रुग्णालयात शुश्रूषेला उभ्या राहिल्या. वाल्देमार हाफकिन या ज्यू शास्त्रज्ञाने आपली लस १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली, मग इतरांना.

डॉ. व्हिएगस यांनी सुमारे १८ हजार लोकांना स्वतःच्या हाताने लस टोचली असे सांगतात. त्यांचा पुतळा मुंबईत मेट्रो चित्रपटगृहासमोर आहे. तेथून रोज हजारो माणसे जातात. त्यांतली फारच थोडी त्याच्याकडे मान वर करून पाहत असतील.