वाढीव एक्सची कुळकथा

हॅरी क्लाइनफेल्टर हा तरुण डॉक्टर १९४१ साली वर्षभरासाठी बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात आला. तिथल्या फुलर अल्ब्राइट या हॉर्मोनतज्ज्ञाने त्याला अशा पुरुषांचा अभ्यास करायला सांगितलं, ज्यांची छाती वाढली होती, वृषणं लहानच राहिली होती आणि वीर्यात शुक्राणू नव्हते. नऊ जणांवरचा शोधनिबंध १९४२ मध्ये छापून आला. अल्ब्राइटने पहिलं नाव क्लाइनफेल्टरचं लावू दिलं आणि विकाराला तेच चिकटलं. हा खरा अल्ब्राइटचाच शोध, असं क्लाइनफेल्टर पुढे मोकळेपणाने सांगत असे. अशी दिलदारी दोघांचीही.

कारण मात्र दोघांना गवसलं नव्हतं. त्यांचा संशय वृषणातल्या एखाद्या हॉर्मोनवर होता. स्त्रियांच्या पेशींत दिसणारा गडद ठिपका, म्हणजे बार बॉडी, या पुरुषांच्या पेशींतही आहे, हे १९५६ मध्ये कळलं. मग काही जण त्यांना मुळातल्या स्त्रियाच ठरवू लागले. किती क्रूर तर्क! १९५९ मध्ये एडिनबर्गला पॅट्रिशिया जेकब्ज आणि जॉन स्ट्राँग यांनी अशा एका पुरुषाची गुणसूत्रं मोजली, तर ती ४६ नव्हे, ४७ निघाली. दोन एक्स होते, पण वायही होता. स्त्रीबीज किंवा शुक्राणू तयार होताना एक एक्स जास्तीचा राहून जातो. त्यात आईबापांची काही चूक नसते.

शोध वृषणांपासून सुरू झाला, म्हणून हा विकार वंध्यत्वाच्या खात्यातच राहिला. साधारण सहाशे मुलग्यांमागे एकाला तो असतो, पण डेन्मार्कसारख्या देशातही बहुतेकांचं निदान होतच नाही. आपल्याकडे लग्नानंतर मूल होत नाही म्हणून तपासणी होते, रिपोर्ट येतो, दत्तकाचा विषय निघतो आणि फाइल मिटते. पण टेस्टोस्टेरॉन वर्षानुवर्षं कमी राहिलं की हाडं ठिसूळ होतात आणि पोटावर चरबी साठते. टाइप २ मधुमेह, पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या, न भरणाऱ्या जखमा यांचा धोकाही या पुरुषांना जास्त असतो. स्तनाचा कर्करोग एरवी पुरुषांत विरळा. यांच्यात त्याची शक्यता कितीतरी पटींनी वाढते.

म्हणून गुणसूत्रांचा रिपोर्ट हाती देतानाच डॉक्टरांनी साखर, चरबी, टेस्टोस्टेरॉन आणि हाडांची घनता या तपासण्या लिहून द्याव्यात, त्या पुन्हा कधी करायच्या तेही सांगावं. आणि छातीत गाठ लागली तर लाजून घरी बसू नका, हे त्या माणसाला समोर बसवून सांगावं.