स्वायत्ततेचा विचार आणि विद्यार्थ्यांचे मंडळ

रशियन रूपवादाचा परिचय आपल्याकडे बहुधा एका सिद्धान्ताच्या रूपाने होतो. साहित्याचा अभ्यास साहित्य म्हणूनच करावा, चरित्र, समाजशास्त्र किंवा मानसशास्त्र यांच्या हवाली तो करू नये, असा या सिद्धान्ताचा आग्रह. 'वाङ्मयीनता' आणि 'अपरिचितीकरण' या त्याच्या दोन प्रसिद्ध संकल्पना. हा परिचय चुकीचा नाही. पण तो अपुरा आहे. साहित्याच्या स्वायत्ततेचा हा विचार ज्या परिस्थितीत जन्मला, ती परिस्थिती ज्ञानशाखांच्या अलगपणाची नव्हती, सरमिसळीची होती. या विसंगतीचा उलगडा सिद्धान्ताच्या इतिहासात होत नाही. तो विद्यार्थ्यांच्या एका मंडळाच्या इतिहासात शोधावा लागतो.

मार्च 1915 मध्ये मॉस्को विद्यापीठातील सात विद्यार्थ्यांनी 'मॉस्को भाषावैज्ञानिक मंडळ' स्थापन केले. त्यांतील रोमान याकोबसन तेव्हा अवघा अठरा वर्षांचा होता. 1920 पर्यंत तोच मंडळाचा अध्यक्ष राहिला. विज्ञान अकादमीच्या बोलीविज्ञान आयोगाचा आश्रय मंडळाला मिळाला असला, तरी त्याला अभ्यासक्रम नव्हता, परीक्षा नव्हती. भाषाविज्ञान, काव्यशास्त्र, छंदशास्त्र आणि लोकसाहित्य हे विषय त्याने आपल्या कक्षेत घेतले. विद्यापीठाच्या रचनेत हे चार विषय एकत्र नांदणे अवघड होते. मंडळात मात्र एकाने निबंध वाचावा आणि दुसऱ्या विषयाच्या अभ्यासकाने त्यावर हरकत घ्यावी, हीच कामाची रीत होती.

त्याच वर्षी याकोबसन, प्योत्र बोगातिर्योव आणि निकोलाय याकोव्लेव हे तिघे मॉस्को प्रांतातील व्हेरेया भागात बोलीचे नमुने आणि लोककथा जमवण्यास गेले. युद्धाचे दिवस होते. वह्या घेऊन फिरणाऱ्या या परक्या तरुणांना गावकऱ्यांनी जर्मन हेर ठरवले. हा प्रसंग गमतीचा म्हणून सांगितला जातो. त्यामागची वस्तुस्थिती अधिक महत्त्वाची आहे. पुढे आधुनिक काव्याची मीमांसा करणारा अभ्यासक येथे जिवंत बोली आणि मौखिक कथन एकाच वेळी ऐकत होता. एकच शब्द रोजच्या व्यवहारात एक काम करतो आणि कथेत किंवा गाण्यात दुसरे, हे त्याला ग्रंथातून शिकावे लागले नाही. भाषेच्या 'कार्या'ची जी कल्पना रूपवादाच्या आणि पुढे संरचनावादाच्या मुळाशी आहे, तिला अशा क्षेत्रकार्याने बळ दिले असावे, असे मानण्यास जागा आहे.

पेत्रोग्राडमधील 'ओपोयाझ' या गटाची कथाही फारशी वेगळी नाही. लेव याकुबिन्स्की आणि येवगेनी पोलिवानोव हे बोदुएं द कुर्तने यांच्या हाताखाली घडलेले भाषावैज्ञानिक. व्हिक्तर श्क्लोव्स्की हा भविष्यवादी कवींचा पाठीराखा. व्यावहारिक भाषा आणि काव्यभाषा यांतील भेद याकुबिन्स्कीने 1916 मध्ये ध्वनींच्या आधारे मांडला. सवयीने बोथट झालेली जाणीव कला पुन्हा जागी करते, हा श्क्लोव्स्कीचा 1917 चा विचार या भेदावाचून उभा राहिला नसता. भाषावैज्ञानिकाने भेद दाखवला, समीक्षकाने त्यातून कलेचा प्रश्न उभा केला.

मॉस्कोतील आणखी दोन उदाहरणे पुरेशी बोलकी आहेत. बोरिस तोमाशेव्स्की हा लिएज येथे शिकलेला विद्युत अभियंता. 1919 मध्ये त्याने पुश्किनच्या पाच गणांच्या आयंबिक वृत्ताचा अभ्यास मंडळापुढे मांडला. त्यात संख्याशास्त्रीय मोजणीचा अवलंब होता. वृत्त म्हणजे केवळ नियम नव्हे, नियम आणि त्याचे प्रत्यक्ष उपयोजन यांतील अंतर म्हणजे लय, हे अशा मोजणीतून सिद्ध करता येऊ लागले. त्याच वर्षी याकोबसनने ख्लेब्निकोव या कवीवर निबंध वाचला. तो 1921 मध्ये प्रागमध्ये प्रसिद्ध झाला आणि 'वाङ्मयीनता' हा साहित्यशास्त्राचा विषय आहे ही भूमिका त्यातूनच सर्वत्र पोहोचली. मायाकोव्स्कीसारखा कवीही मंडळाच्या बैठकींत सहभागी होत असे. म्हणजे ज्या कवितेची मीमांसा चालू होती, ती लिहिणारे त्याच खोलीत बसलेले असत.

असे असता स्वायत्ततेचा आग्रह कोठून आला? उत्तर या मिश्रणातच आहे. बोलीविज्ञान, मोजणी, लोककथा आणि नवी कविता एकाच टेबलावर आली, की प्रत्येकाला आपल्या विषयाचे नेमके वेगळेपण सांगावे लागते. शेजारी दुसऱ्या विषयाचा अभ्यासक नसेल, तर सीमा आखण्याची गरजच भासत नाही. स्वायत्तता ही येथे एकांतातून नव्हे, शेजारातून निर्माण झालेली संकल्पना आहे. तिचा अर्थ इतर शास्त्रांशी संबंध तोडणे असा पुढे लावला गेला. या मंडळाच्या व्यवहारात तो तसा दिसत नाही.

या इतिहासाचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. यादवी युद्धाच्या काळात कागदाची टंचाई होती, बरेच निबंध तेव्हा छापलेच गेले नाहीत. अनौपचारिकतेने मोकळीक दिली, पण संरक्षण दिले नाही. 1924 मध्ये मंडळ संपले. 1930 मध्ये श्क्लोव्स्कीला आपल्या भूमिकेची जाहीर चूक कबूल करावी लागली. पोलिवानोवला 1938 मध्ये गोळ्या घालण्यात आल्या. प्रागमध्ये 1926 साली विलेम मातेसिउस यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या मंडळात याकोबसन आणि बोगातिर्योव यांनी हीच रीत पुढे चालवली.

1929 मध्ये या दोघांनी लोकसाहित्यावर संयुक्त निबंध लिहिला. लोकरचना रचली गेल्याने अस्तित्वात येत नाही; समूहाने तिचा स्वीकार केला तरच ती टिकते, हा त्यांचा सिद्धान्त. तो त्यांच्या स्वतःच्या मंडळालाही लागू करून पाहता येईल. तेथील कल्पना कोणा एकाच्या नावावर नोंदल्या गेल्या, पण त्या टिकल्या त्या बैठकीत झेलल्या गेल्यामुळे, तपासल्या गेल्यामुळे.

आपल्यापर्यंत रूपवाद पोहोचला तो मुख्यतः 1955 चा एर्लिख यांचा ग्रंथ आणि 1965 नंतरचे इंग्रजी अनुवाद यांच्या वाटेने. निबंध आले, बैठक मागे राहिली. 'वाङ्मयीनता' हा शब्द आपण परीक्षेच्या उत्तरात व्याख्या म्हणून लिहितो. तो मुळात कोणत्या हरकतीला दिलेले उत्तर होता, हे विचारत नाही. मराठीचा, भाषाविज्ञानाचा आणि लोकसाहित्याचा संशोधक आपापल्या प्रबंधात बंद राहिले, तर सिद्धान्ताची आयात चालू राहील. सिद्धान्ताची निर्मिती मात्र होणार नाही.